गेममधल्या 'दादा'ने पाठवलेली लिंक

पत्र : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, पाचवीत शिकतो. आम्ही दोघंही नोकरी करतो. शाळेतून आल्यावर तो आजीजवळ असतो आणि टॅबवर रोब्लॉक्स खेळतो. ठोकळ्यांची माणसं, घरं बांधायची, पळापळी करायची, असा गेम दिसला म्हणून आम्ही कधी अडवलं नाही. मागच्या आठवड्यात यांनी टॅब हातात घेतला, तर डिस्कॉर्ड नावाच्या ॲपमध्ये अश्लील व्हिडिओ उघडा होता. विचारल्यावर म्हणाला, गेममधल्या एका दादाने लिंक पाठवली. तो त्याला रोबक्सही (म्हणजे त्या गेममधले पैसे) देतो, वर्गातली आणखी दोन मुलं त्याला ओळखतात. यांनी दोन थपडा मारल्या, दोन्ही ॲप उडवली आणि टॅब कपाटात ठेवून दिला. तेव्हापासून मुलगा धड बोलत नाही. बाबा घरी आले की आजीच्या खोलीत जाऊन बसतो. सासूबाई म्हणतात, पोरगं हाताबाहेर गेलं. त्याच्या मनावर याचा कायमचा परिणाम होईल का? या विषयावर त्याच्याशी बोलायचं तरी कसं? त्या दोन मुलांच्या घरी सांगू का? आणि टॅब परत द्यायचा की नाही?
– एक आई, नाशिक

प्रिय ताई,

तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं देते. पण त्याआधी तुम्ही ओघात लिहून गेलात त्या एका वाक्यावर थांबायला हवं. 'गेममधल्या एका दादाने लिंक पाठवली. तो त्याला रोबक्सही देतो.' गेला आठवडाभर तुमच्या घरात सगळ्यांचं लक्ष मुलाने काय पाहिलं याकडे आहे. मला काळजी वाटते ती पाठवणाऱ्याची. खेळता खेळता नको ते समोर येणं वेगळं. आणि कुणी ओळख वाढवून, पैशाची वस्तू देऊन, मग अकरा वर्षांच्या मुलाला मुद्दाम असा व्हिडिओ पाठवणं वेगळं. पहिली गोष्ट घरात बोलून निभावते. दुसरी गुन्हा ठरू शकते, आणि तो तुमच्या मुलाने केलेला नाही, त्याच्या बाबतीत झालेला आहे. एवढं तुम्ही दोघांनी आणि सासूबाईंनी मनाशी पक्कं केलंत, की पुढचं बरंच सोपं जाईल.

हे घडतं कसं, ते थोडं सांगते. रोब्लॉक्स २००६ पासून आहे. तो एकच एक गेम नाही. लोकांनी बनवलेले लाखो गेम तिथे एकत्र मिळतात, आणि बनवणाऱ्यांत शाळकरी मुलंही आहेत. बहुतेक गेम साधे असतात. काही जण तिथे अश्लील जागाही बनवतात. कंपनी त्या काढते, त्या नव्या नावाने परत येतात. पण तुमच्या घरी दिसलेला व्हिडिओ गेममधला नव्हता. रोब्लॉक्सच्या चॅटमध्ये फोटो-व्हिडिओ पाठवता येत नाहीत, लिहिलेला मजकूरही गाळला जातो, आणि जानेवारी २०२६ पासून चॅट करायचं तर चेहऱ्यावरून वय तपासण्याची पद्धतही त्यांनी आणली आहे. म्हणून ज्याला नको ते पाठवायचं असतं, तो मुलाला तिथे थांबूच देत नाही. 'इथे नीट बोलता येत नाही, डिस्कॉर्डवर ये' एवढं म्हणतो. मैदानावर सगळ्यांदेखत खेळणाऱ्या पोराला कुणी गोळ्या-चॉकलेट दाखवून मागच्या बोळात न्यावं, तसंच हे. डिस्कॉर्ड हे मुळात गेम खेळणाऱ्यांचं गप्पांचं ॲप. तिथे खातं उघडायला किमान १३ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमच्या मुलाने जन्मसाल खोटं टाकलेलं असणार. ते त्याला सुचलं की कुणी सुचवलं, हेही हळूच विचारा.

ठोकळ्यांची माणसं बघून तुम्ही निर्धास्त राहिलात, याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. प्ले स्टोअरवर गेमखाली जे वय लिहिलेलं असतं, ते गेममधली चित्रं, मारामारी, भाषा बघून ठरवलेलं असतं. तिथे भेटणारी माणसं काय बोलतील आणि काय पाठवतील, हे त्या आकड्यात धरलेलंच नसतं. फ्री फायर असो, बीजीएमआय असो की माइनक्राफ्ट, जिथे अनोळखी माणसाशी बोलता येतं तिथे हीच गोष्ट लागू आहे.

आता जे लगेच, शक्य तर आजच करायचं आहे ते.

ॲप उडवली म्हणजे खाती गेली नाहीत. ती त्यांच्या सर्व्हरवर आहेत, आणि ही या घडीला चांगली गोष्ट आहे. घाईने खातं कायमचं डिलीट करू नका. मुलाला आधी सांगा, की आम्ही तुझं खातं उघडून त्या दादाचे मेसेज बघणार आहोत. चोरून बघू नका. मग दुसऱ्या फोनवरून लॉगिन करा आणि त्या व्यक्तीशी झालेल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असे. त्याचं नाव लिहून घ्या आणि दोन्हीकडच्या प्रोफाइलचा क्रमांकही. रोब्लॉक्सवर हा क्रमांक प्रोफाइलच्या वेबपत्त्यातच दिसतो. नावं बदलता येतात, तो क्रमांक तसाच राहतो. हे आजच कशाला, तर डिस्कॉर्डवर समोरच्याने आपले मेसेज पुसले की ते तुमच्याकडूनही नाहीसे होतात. त्याला ब्लॉक करणं, दोन्ही कंपन्यांकडे त्याची तक्रार करणं, हे स्क्रीनशॉट घेऊन झाल्यावर. आणि मुलाच्या नावाने त्याला एकही उत्तर पाठवू नका. रागाने लिहिलेली एक ओळ त्याला सावध करायला पुरते.

एक गोष्ट फार जपून करा. पाठवलेल्या लिंकमध्ये किंवा फोटोत लहान मूल असल्याची शंका जरी आली, तरी ते उघडू नका, स्क्रीनशॉट घेऊ नका, नातेवाइकांना किंवा वकील मित्राला 'बघ जरा' म्हणून पाठवू नका. फक्त लिंकचा पत्ता आणि वेळ कागदावर लिहा आणि पोलिसांना सांगा. मुलांचं असं चित्रण जवळ बाळगणं आणि पुढे पाठवणं हाच कायद्याने गुन्हा आहे; सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात ते निःसंदिग्धपणे सांगितलं आहे. पुरावा म्हणून भाबडेपणाने फॉरवर्ड करणारे पालक अडचणीत यायला नकोत.

तक्रार कुठे करायची? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, आणि तिथे नाव न देताही तक्रार नोंदवता येते. पण तुमच्या बाबतीत नाव देऊन करा, कारण पाठपुरावा लागेल. जवळच्या पोलीस ठाण्यातही जाता येतं. हद्द आमची नाही असं कुणी म्हणालं, तरी माहिती नोंदवून घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. लैंगिक हेतूने मुलाला अश्लील चित्रण दाखवणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, लैंगिक छळ आहे, आणि अशा कृत्यासाठी मुलांशी ऑनलाइन ओळख वाढवून त्यांना भुलवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली येतं. तो दादा खरोखर चाळीस वर्षांचा असेल, किंवा नववीतला एखादा पोरगाही असेल. ते शोधणं पोलिसांचं काम. आपण बसल्या जागी ठरवू नये. आणि तुम्हाला रात्री झोप लागत नसेल ती 'मुलाला पोलीस ठाण्यात बसवतील' या भीतीने, तर पोक्सो कायदा काय सांगतो ते ऐका. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आणि आईवडील किंवा त्याच्या विश्वासाचं माणूस जवळ असताना. त्याची ओळख कुठेही उघड करायची नाही. कुणी वेगळं वागायला लागलं, तर हेच शांतपणे सांगा. पोलिसांकडे एकदम जायचं धाडस होत नसेल, तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर आधी बोला. ती चोवीस तास चालू असते, फोनला पैसे पडत नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मुलाशी कसं बोलायचं हा, आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

तुमच्या मुलाने एका प्रश्नावर सगळं खरं सांगितलं. कुणी पाठवलं, काय देतो, आणखी कोण त्याला ओळखतं. खोटं बोलण्याची पुरेपूर संधी असताना तो खरं बोलला, आणि त्या खऱ्या उत्तराला थपडा मिळाल्या. तुमच्या यजमानांची भीती मला कळते. असं काही अचानक दिसल्यावर डोकं फिरतं, आणि काळजी रागाच्या रूपाने बाहेर पडते. पण मुलांना जाळ्यात ओढणारी माणसं नेमकं हेच सांगत असतात : 'घरी सांगू नकोस, मार खाशील.' मुलाच्या नजरेत तुमच्या घराने आत्ता त्या दादाला खरं ठरवलं आहे. ते उलटवायचं काम बाबांनी करायला हवं. आई बोलली, आजी बोलली, तरी तो बाबांच्या पावलाचा आवाज आला की उठून जाणारच.

फार लांबण लावू नये. समोरासमोर बसवून 'आपल्याला बोलायचं आहे' म्हटलं की मुलांचा जीव घाबरा होतो. गाडीवरून क्लासला सोडताना, भाजी आणायला जाताना, रात्री अंथरूण घालताना, हातात काहीतरी काम असताना बोललेलं मुलांना झेपतं. बाबांनी इतकंच म्हणावं : 'त्या दिवशी मी मारलं ते चुकलं. तू खरं सांगितलंस, ते मला आवडायला हवं होतं. ज्याने ते पाठवलं त्याचा मला राग आहे, तुझा नाही.' आणि मग गप्प राहावं. मुलगा लगेच काही बोलला नाही तरी हरकत नाही. दोन दिवसांनी तो स्वतःहून एखादं वाक्य टाकेल. त्या वेळी हातातला फोन बाजूला ठेवायचा.

त्यानंतर, वेगळ्या दिवशी, दुसरं बोलणं. ते तुम्ही करा किंवा दोघांनी मिळून. 'ते बघून तुला कसं वाटलं?' असं विचारा. घाबरलो, किळस आली, मजा वाटली, बघावंसं वाटलं. यातलं काहीही उत्तर आलं तरी चेहरा बदलू देऊ नका. या वयात कुतूहल असणारच, आणि अंगात काहीतरी वेगळं जाणवलं म्हणून तो वाईट ठरत नाही. त्याला सरळ सांगा, की असे व्हिडिओ मोठ्या माणसांसाठी, पैसे मिळवायला बनवलेले असतात. त्यात माणसं एकमेकांना विचारत नाहीत, जपत नाहीत; खऱ्या घरांत, खऱ्या नात्यांत तसं नसतं. प्रश्न विचारला तर खरं आणि छोटं उत्तर द्या. 'मोठा झालास की कळेल' म्हणालात, तर तो ज्याच्याकडे विचारायला जाईल तो तुम्हाला चालणारा नसेल.

त्याला आणखी एक प्रश्न विचारायचा मात्र टाळू नका, कितीही अवघड वाटला तरी. 'त्याने तुझ्याकडे काही मागितलं होतं का? फोटो, कॅमेरा चालू कर, पत्ता, शाळेचं नाव?' स्वर अगदी साधा हवा. आणि उत्तराच्या आधीच सांगून ठेवा, की तू काही पाठवलं असशील तरी आम्ही रागावणार नाही, आपण ते मिळून निस्तरू. शाळेत 'गुड टच, बॅड टच' शिकवलेलं असेल तर त्याच धाग्याने सांगा : जे अंग आपण झाकतो त्याचा फोटो मागायचा हक्क कुणालाच नाही, गेममधल्या मित्रालाही नाही, भेट दिली तरी नाही. फोटो गेला असेल तर हातपाय गाळू नका. पोलिसांना ते आधी सांगा. अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा २०२३ पासून चालू आहे आणि ती इथूनही वापरता येते. तुमचा फोटो कुणाकडे पाठवावा लागत नाही. त्याचा एक सांकेतिक ठसा तुमच्याच फोनवर तयार होतो, आणि त्यावरून सहभागी कंपन्या आपापल्या ठिकाणी तो फोटो शोधून काढून टाकतात. कुणी धमकी देऊन पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. दिल्यावर मागणी वाढते.

मनावर कायमचा परिणाम होईल का, हा तुमचा पहिला प्रश्न. एखादा व्हिडिओ पाहिल्याने मूल बिघडत नाही. सासूबाईंना हे माझं नाव घेऊन सांगा. जास्त दुखतं ते पाहिल्यानंतरचं एकटेपण : आपण घाण केली, आता घरात आपल्याकडे कुणी नीट बघत नाही, ही भावना. ते एकटेपण तुम्ही या आठवड्यात दूर करू शकता. पुढचे काही आठवडे लक्ष मात्र ठेवा. झोप उडाली, वाईट स्वप्नं पडतात, अंथरूण ओलं व्हायला लागलं, शाळेत जायला नको म्हणतो, लहान मुलांशी खेळताना पाहिलेलं करून बघतो, किंवा पुन्हा पुन्हा तेच शोधत राहतो, असं काही दिसलं तर बालमानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. त्यात मुलाला वेडं ठरवण्यासारखं काही नाही, हे घरातल्या मोठ्यांना पटवायची जबाबदारी तुमच्यावर येईल, याची मला कल्पना आहे.

त्या दोन मुलांच्या घरी सांगा. नक्की सांगा, आणि लवकर. तो माणूस त्यांच्याशीही बोलत असणार. पण वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. ग्रुपवर पडलं की संध्याकाळपर्यंत 'कुणाचा मुलगा?' ही चौकशी सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तुमच्या लेकराला चिडवलं जातं. दोन्ही आयांना वेगवेगळे फोन करा किंवा घरी जाऊन भेटा. 'तुमच्या मुलानेही पाहिलं' अशी सुरुवात केलीत तर समोरची बाई आपल्या मुलाची बाजू घ्यायला उभी राहील. 'गेममध्ये एक माणूस आपल्या मुलांना नको त्या लिंक पाठवतोय, आम्ही तक्रार करतोय, तुमच्याकडचे मेसेज पुसू नका' असं म्हणा. आणि तुमच्या घरी जे घडलं ते त्यांच्याकडे घडू नये म्हणून, मुलाला मारू नका, हेही सांगा. मुलालाही आधी कळू द्या की तुम्ही त्यांच्याशी बोलणार आहात. नाहीतर मित्रांनी 'तूच सांगितलंस' म्हटल्यावर तो पुन्हा एकटा पडेल.

राहिला टॅब. द्या परत, पण आजच्या आज नको आणि होता तसा नको. कपाटात कायमचा ठेवलात तर तो मित्राच्या फोनवर खेळेल, आणि तिथे तुम्ही नसाल. देण्याआधी एका रविवारी त्याला शेजारी बसवून सेटिंग करा. फॅमिली लिंक हे गूगलचं पालकांसाठीचं ॲप लावलं की नवं ॲप तुमच्या परवानगीशिवाय येत नाही. रोब्लॉक्सवर त्याचं खरं जन्मसाल आहे ना बघा आणि तुमचं पालक-खातं जोडून घ्या. मित्रांची यादी, खेळण्याचा वेळ दिसतो, चॅट बंद करता येतं. अनोळखी जागेवरून ॲप टाकण्याची सोय बंद करा. फुकट डायमंड, फुकट स्किनच्या आशेने मुलं जे मॉड एपीके (गेमच्या फेरफार केलेल्या फायली) उतरवतात, त्या साइटवर अश्लील जाहिरातींचा सुळसुळाट असतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमधल्या 'प्रायव्हेट डीएनएस' या जागी क्लाउडफ्लेअर कंपनीची साइट गाळणारी फॅमिली सेवा घातली तर बऱ्याच अश्लील साइट उघडत नाहीत. चॅटमधून आलेला फोटो मात्र यातलं काहीच अडवत नाही. म्हणून हे सगळं करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

घरातला नियम मी एकच ठेवेन : टॅब दिवाणखान्यात, सासूबाईंच्या समोर, हेडफोनशिवाय. त्यांना गेम कळण्याची गरज नाही. कुणीतरी मोठ्या माणसाचा आवाज आला, किंवा नातू स्क्रीन लपवायला लागला, की 'कोण रे ते?' एवढं विचारलं तरी पुरे. ओरडायचं नाही, तुम्हाला फोन करायचा. रोबक्स हवेच असतील तर महिन्याला ठरावीक रक्कम तुम्ही द्या. बाहेरच्याने दिलेली भेट घ्यायची नाही, हे त्याला तेव्हाच पटेल जेव्हा घरी मागायची सोय असेल. आठवड्यातून एकदा बाबांनी त्याच्याबरोबर तासभर खेळावं. हरले तरी चालेल, तिथे कोण कोण असतं ते त्यांना कळेल. डिस्कॉर्ड तेरा पूर्ण होईपर्यंत नाही, आणि त्यानंतरही विचारून, हे त्याला टॅब हातात देतानाच सांगून टाका.